ऊर्जामंत्री घोरपडबाई

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलात थंडी भरपूर होती आणि जाळायला लाकूड उरलं नव्हतं. पिल्लं कुडकुडायला लागली, म्हणून सिंहाने घोरपडबाईंना ऊर्जामंत्री केलं. ऊन कधी आणि कुठे पडतं, याचा बाईंनी जन्मभर कातळावर पडून अभ्यास केला होता.

"शास्त्रज्ञ मंत्री! आणि तेही आपल्याकडे!" जंगल नाचायलाच लागलं. लगेच कातळावर मांडव घातला. बाईंना शाल-श्रीफळ दिलं, हार घातले. बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि सावलीत गार पडून तिथेच थिजल्या.

"बघा, केवढा खोल विचार करतायत!" कोल्हा म्हणाला. "अजून एक हार घाला."

"अहो, विचार कसला? उन्हाशिवाय घोरपडीचं अंग हलत नाही! इकडे माझं पिल्लूही गारठलंय!" साळिंदरबाई ओरडली आणि तिने काट्यांनी मांडव टराटरा फाडला.

ऊन आत आलं. पिल्लू हललं. घोरपडबाईंनी डोळे उघडले.

"छान," त्या म्हणाल्या. "हेच माझं धोरण."

एवढं सोपं धोरण! सगळ्यांना इतका आनंद झाला, की धोरणाच्या सत्कारासाठी त्यांनी लगेच दुप्पट मोठा मांडव घातला.