चावडीवरून जाणारी वाट

"...मग सत्तावीस प्रकरणांत नेमकं काय कमी आहे, ते तरी सांगा, चाचा."

विश्वंभर मास्तरांनी कार्डशीटची गुंडाळी दर्ग्याच्या ओट्यावर पसरली होती. वारा होता, म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले होते.

लतीफ फकीर उदाची राख चिमटीनं बाजूला करत होते.

बोरशिंगे गाव धरणात गेलं त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. टेकडीवरचा दर्गा तेवढा पाण्याबाहेर राहिला, आणि दर्ग्याबरोबर लतीफ. बाकी सगळं गाव दहा कोसांवर नव्या जागी उठून गेलं. मास्तर तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढे जन्मभर त्यांनी भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर गावाचं पुस्तक लिहायचं मनावर घेतलं.

त्याला सहा वर्षं झाली. आराखडा तयार होता. पुस्तकाची एक ओळ झाली नव्हती.

आराखडा देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. निळ्या शाईत प्रकरणं, हिरव्या शाईत पोटभाग, आणि कशाचा धागा कुठे जोडायचा याचे लाल बाण. मातीचे प्रकार, विहिरी, पिकं, बलुतेदार, देवळं, जत्रा, आडनावं. बाण इतके होते की आडनावांवरून विहिरीकडे जाताना माणसाला धाप लागावी.

"शहरातल्या एका मोठ्या प्राध्यापकांना दाखवला," मास्तर म्हणाले. "ते म्हणाले, असा आराखडा आमच्या विद्यार्थ्यांनाही जमत नाही."

"मग लिही की."

"रोज बसतो, चाचा. सकाळी सहाला. पहिल्या ओळीपाशी हात थांबतो. म्हणून वाटतं, आराखड्यातच काहीतरी राहिलंय." मास्तरांचा आवाज जरा खाली आला. "बोरशिंग्यात जन्मलेली म्हातारी माणसं आता एकोणीस उरली. गेल्या साली सव्वीस होती. त्यांच्या हातात पुस्तक पडलं नाही, तर मी ते लिहू कुणासाठी?"

लतीफचाचांनी राखेचा हात झटकला.

"वाचून दाखीव."

मास्तरांनी वाचलं. पाऊण तास वाचलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय, असं मास्तरांना दोनदा वाटलं. एकदाच ते मधे बोलले.

"कुंभाराच्या भट्ट्या दोन न्हवत्या. तीन व्हत्या."

मास्तरांनी लगेच लाल शाईत दुरुस्ती केली. त्यांना बरं वाटलं. एवढंच राहिलं होतं तर.

वाचून संपलं. चाचांनी काठी घेतली.

"चल. तुझ्या घरी ने मला."

"नव्या गावात? आत्ता?"

"तुझ्या घरी."

काठी टेकडीच्या पायथ्याकडे वळली होती.

वैशाख होता. पाणी मागे हटलं होतं आणि गाव उघडं पडलं होतं. दर साली या दिवसांत नव्या गावाहून माणसं येतात. आपापलं जोतं शोधतात, त्यावरचा सुकलेला गाळ झाडतात, तिथं बसून भाकरी खातात आणि जातात. छप्पर एकाही घरावर नाही, भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात, तरी घर कुणाचं चुकत नाही.

दोघं उतरले. चाचांचे गुडघे दुखत होते, ते दोनदा खाली बसले. वेशीचे दोन दगड तेवढे उभे होते.

"हितनं," चाचा म्हणाले. "तू म्होरं हो."

मास्तर पुढे झाले. काखेत गुंडाळी. पाय झपाझप पडत होते. वेशीतून उजवीकडे कुंभारवाडा, तिथून मारुतीच्या देवळामागून, बारवेला वळसा घालून, तेल्यांच्या परसातून थेट आपल्या घराच्या मागच्या दारी. ते जोत्यावर चढले आणि उभे राहिले. चेहऱ्यावर सोळा वर्षांच्या पोराचा आनंद होता.

"डोळे मिटूनसुद्धा आलो असतो, चाचा."

"व्हय. तसाच आलास."

मास्तरांना ते कौतुक वाटलं.

चाचा जोत्याच्या कडेला टेकले. गुडघा चोळत बसले.

"किती पावलं झाली?"

"मोजली नाहीत."

"म्या मोजली. गुडघं दुखाय लागलं की मोजतो. चारशेच्या वर झाली." ते थांबले. "येशीतनं सरळ आलो असतो, तर किती? भूगोल शिकीवलास ना?"

"दीडशे असतील."

"मग सरळ वाटंवर काय हाय?"

मास्तर गाळाला पडलेल्या भेगांकडे बघत राहिले.

"चावडी," ते म्हणाले.

आता हे सांगितलं पाहिजे. धरणाच्या कागदावर कुणी सही करायची नाही, अशी शपथ गावानं दर्ग्यावर घेतली होती. ती घ्यायला लावली पोलीस पाटील दौलतरावांनी, म्हणजे मास्तरांच्या वडिलांनी. आणि एका सकाळी चावडीत पहिली सही केली तीही त्यांनीच. सही न करणाऱ्यांना चार तालुक्यांत मिळेल तिथं जागा देऊ, असं धरणाच्या साहेबांनी दौलतरावांना बाजूला घेऊन बजावलं होतं. त्यांच्यामागून एकेक करत सगळ्यांनीच सह्या केल्या; बोरशिंगे आज एका जागी आहे ते त्या पहिल्या सहीमुळं. पण हे सांगायला दौलतराव कुणाच्या दारी गेले नाहीत, आणि त्यांना विचारायला कुणी आलं नाही.

त्यानंतर आठ महिने गाव त्याच जागी नांदत होतं. पाटलांच्या घरचं कुणी दिसलं की चावडीवरची माणसं पाठ फिरवत. आईनं मुलांना सांगितलं, कुंभारवाड्याकडून जात जा.

नव्या गावात दौलतराव अकरा वर्षं जगले. गेले तेव्हा खांदा द्यायला कसेबसे चौघं जमले. त्यांतले एक, दहा कोस चालत आलेले लतीफ. पुढे मडकं धरून विश्वंभर. बाकी वाट मोकळी होती.

"त्यो कागद सोड," चाचा म्हणाले.

मास्तरांनी गुंडाळी सोडली.

"तुझ्या चौदाव्या प्रकरणात जत्रा भरलीय. पंधराव्यात गाव नव्या जागी, पत्र्याखाली. मधी गाव कुठनं गेलं?"

"ते... ते खासगी आहे, चाचा. हे माहितीचं पुस्तक आहे."

"चावडी तुमची खासगी व्हती व्हय?"

मास्तरांना राग आला. आराखड्यावर सहा वर्षं घालवलेल्या माणसाला येतो तसा.

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. आबा माझे वडील होते."

"पयली सही तुझ्या बापाची," चाचा शांतपणे म्हणाले. "दुसरा अंगठा माझ्या बापाचा. दुसरा कुणाच्याच ध्यानात न्हाई. आम्ही निवांत हाय."

मास्तरांचा राग तिथंच विरला. ते एकदम म्हातारे दिसू लागले.

चाचा उठले. घराच्या पुढच्या दारानं उतरले आणि सरळ वाटेला लागले. मागं वळून पाहिलं नाही. मास्तर जोत्यावर उभेच होते. मग तेही उतरले. ऐंशी-नव्वद पावलं होती, पण वेळ लागला.

चावडीचा चौथरा शाबूत होता. मोठ्या घडीव दगडांचा, गाळानं पांढरा पडलेला. चाचा वर जाऊन बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

मास्तर तिथं अठ्ठेचाळीस वर्षांनी बसले.

मग मास्तरांनी मान वर केली. समोर वेस. डाव्या हाताला मारुती. त्याच्यापलीकडं बारव, कुंभारवाडा, तिन्ही भट्ट्यांच्या काळ्या खुणा. उजवीकडं शाळेची पायरी. मागं आपलं घर. सगळ्या आळ्या चालत येऊन इथंच थांबत होत्या.

"इथून सगळं दिसतं," ते स्वतःशीच म्हणाले.

चाचांनी कार्डशीट ओढून घेतली. पालथी केली. कोरी बाजू वर आली. तिच्या कोपऱ्यांवर त्यांनी चार दगड ठेवले.

"चाचा, सहा वर्षं गेलीत त्यात."

"खाली हायेत की ती. कुठं गेली?"

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. कागदाच्या मधोमध लिहिलं, चावडी. मग जे जे जिथं दिसत होतं, ते ते तिथं मांडत गेले. विहिरी आल्या, बलुतेदार आले, जत्रा आली, शाळा आली. शपथ आली. हात कुठं अडत नव्हता. बाण एकही काढावा लागला नाही.

सत्तावीसच्या सत्तावीस जागेवर बसली. अठ्ठाविसावं मधे होतं.

आणि पेन थांबलं.

"इथून सुरू केलं, तर आबांचं नाव पहिल्याच पानावर येतं."

"येऊ दे."

"ते एकोणीसजण वाचतील, चाचा. त्यांनी जन्मभर आबांचं तोंड पाहिलं नाही. आणि मी पुस्तक उघडल्या उघडल्या आबांनाच त्यांच्यापुढं उभं करू?"

चाचा वेशीकडं बघत होते. त्यांचा उजवा हात सावकाश डाव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"पयल्या पानावर आला," ते म्हणाले, "तर त्यास्नी शेवटच्या पानापतुर त्याच्यासंगं चालावं लागंल..."

मास्तरांनी त्या खांद्यावरच्या हाताकडं पाहिलं.

"त्या दिशी खांदा बदलायला बी कुणी न्हवतं, विश्वा."