पंख्याला घातलेला हार

फार जुनी गोष्ट नाही, मागच्या दसऱ्याची आहे. शर्वरीने आपल्या गेमिंग कॉम्प्युटरची पूजा केली आणि झेंडूचा हार नेमका पुढच्या पंख्यासमोर लावला. आजवर नुसती धूळ खाल्लेला पंखा हरखून गेला.

पुढे हार वाळला आणि पाकळ्या आत ओढल्या जाऊन पात्यांत अडकू लागल्या. खडखड ऐकली तर शर्वरी हार काढून टाकेल, म्हणून पंखा आवाज न करता अगदी हळू फिरू लागला.

मग खेळ ऐन रंगात आला की कॉम्प्युटर फटकन बंद पडायचा. शर्वरी म्हणाली, "पॉवर सप्लायच गेलाय. बदलून टाकते."

म्हातारा पॉवर सप्लाय पंख्याला म्हणाला, "चाललो बाबा. तुला हार मात्र शोभतो हो."

"यात त्याचा काय दोष?" तापलेला प्रोसेसर पंख्याला म्हणाला. "जळून जाऊ नये म्हणून मीच सगळं बंद करतो. वारा येत नाही रे."

पंख्याला ती शोभा सोसवेना. शर्वरीने शेवटचं म्हणून बटण दाबलं, तसा तो सगळा जोर लावून खडखडला. ती वाकली, तिने हार काढला, पाकळ्या वेचल्या.

"आता बरं वाटतंय का?" आता मोकळा, भरभर फिरणाऱ्या पंख्याने ओशाळून विचारलं.

प्रोसेसर म्हणाला, "आता तू असल्यासारखं वाटतंय."