हालिगीचा सातवा खांब

फिलिपिन्सच्या एका लहानशा बेटावर हालिगी नावाचे गाव आहे. गावाची शाळा टेकडीच्या माथ्यावर आहे. भिंती बांबूच्या, छप्पर झावळ्यांचे आणि सगळा भार सात खांबांवर. सहा खांब जागच्या जागी आहेत. सातवा भलत्याच ठिकाणी, वर्गाच्या ऐन मध्यात उभा आहे. त्याच्यामुळे मागच्या बाकांवरच्या मुलांना अर्धा फळा दिसत नाही. तरी तो कोणी काढत नाही. तिकडे वडीलधाऱ्यांचा हात हाती घेऊन त्याची मागची बाजू कपाळाला लावतात, तोच नमस्कार. वर्गात शिरताना मुले त्या खांबाला तसेच कपाळ टेकवतात. छातीच्या उंचीवर खांबाला एक गाठ आहे, ती कपाळे टेकून टेकून गुळगुळीत झाली आहे. पाहुण्यांना ती दाखवताना आम्बो आजोबा आधी बजावतात, "हात लावा, पण दचकू नका." खांब कोमट असतो, सावलीतही.

आम्बो आजोबा या शाळेत एकेचाळीस वर्षे मास्तर होते. राजधानीतून आलेल्या कोणी "काय हा शिक्षकांचा त्याग!" असे म्हटले की त्यांचे डोके फिरते. "त्याग कुणी केला ते सगळेच सांगतात," ते म्हणतात. "करून कुणी घेतला, ते ऐका." आणि ते तिबुर्सियोची गोष्ट सुरू करतात.

शाळा तेव्हा खाली किनाऱ्यावर होती आणि तिला सहाच खांब होते, असे सांगतात. शिकवायला सालुदबाई होत्या. पलीकडच्या बेटावरून त्या एका वर्षासाठी आल्या आणि बावीस वर्षे राहिल्या. तिबुर्सियो त्यांच्या पहिल्या तुकडीतला. मिसरूड फुटल्यावर शाळेत बसला म्हणून सगळ्यांच्या चेष्टेचा धनी. बाईंनी त्याचा हात धरून त्याला त्याचे नाव लिहायला शिकवले. पुढे तो गावाचा मुखिया झाला. बाईंनी त्याला माणसात आणले, ही जाणीव त्याच्या हाडात होती. नेमकी तीच बाईंना नडली.

दरवर्षी परीक्षा संपली की बाई ट्रंक भरत. दरवर्षी तिबुर्सियो सगळे गाव घेऊन त्यांच्या दारात जाई. म्हाताऱ्या केळीच्या पानात बांधलेला गोड भात आणत, पोरे ओळीने बाईंचा हात कपाळाला लावत. मग सगळ्यांच्या देखत तो विचारी, "यंदा राहणार ना, बाई?" इतक्या डोळ्यांसमोर नाही म्हणायचे आणि समोरच्याला मान खाली घालायला लावायची, हे त्या मुलखात कोणालाही जमत नाही. बाई हसून म्हणत, "बघू." तिकडे 'बघू' म्हणजे तोंडावर न म्हणवलेला 'नाही', हा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तिबुर्सियोलाही कळत होता. तरी तो हात उंचावून ओरडे, "बाई राहिल्या रे!" की ट्रंक पुन्हा रिकामी होई.

बाविसाव्या वर्षी समुद्र शाळेच्या पायरीला लागला. गावाने ठरवले, शाळा टेकडीवर न्यायची. तिकडे घर हलवायचे तर ते मोडत नाहीत. खालून बांबू बांधतात आणि सारा गाव ते खांबांसकट खांद्यावर घेऊन चालू लागतो. गुरुवारचा दिवस ठरला.

बुधवारी नावेतून बाईंसाठी पत्र आले. तिबुर्सियोच ते घेऊन गेला. बाईंनी वाचून घडी घातली.

"इसिंगचं आहे." इसिंग त्यांची धाकटी बहीण. "अंथरुणाला खिळलीय. म्हणते, ताई, आता तरी ये. नाव उद्या दुपारी सुटते ना रे?"

"हो, बाई. पुढची पंधरा दिवसांनी."

दाराआड भरलेली ट्रंक त्याने पाहिली. त्याला सगळे उमगले. पण सकाळी चाळीस माणसे खांदा द्यायला येणार, आणि बाई निघाल्या हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

"उद्या तुम्ही आतच बसा," तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्यासकट शाळा उचलतो. राणीसारखी वरात काढू तुमची! वर पोचलो की नावेचं बघू."

बाईंनी ट्रंकेला कुलूप लावले. मग म्हणाल्या, "बघू."

गुरुवारी लख्ख ऊन होते. चाळीसच्या चाळीस जण बाईंचेच विद्यार्थी. बाई ट्रंक घेऊन आत बसल्या आणि बांबूखाली खांदे गेले. "आता छडी कशी माराल, बाई? आम्ही खाली, तुम्ही वर!" कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला. आतून बाईही हसल्या. मग त्यांनी पाढे म्हणायला सुरुवात केली. खालून चाळीस गळ्यांनी साथ दिली आणि पाढ्यांच्या ठेक्यावर शाळा चढ चढू लागली.

अर्ध्या वाटेवर एक वळण आहे. तिथून समुद्र दिसतो. वळणावर पोचले तेव्हा खाली नावेने शीड उभारले होते. पाढा मध्येच तुटला. आणि वरून, तिबुर्सियोच्या अगदी डोक्यावरून, शब्द आला, "थांबा."

आवाज चढा नव्हता. चुकलेल्या पोराला बाई जशा सांगत, तसा. तिबुर्सियोने शेजारी पाहिले. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. कोणाचे पाऊल अडखळले नाही. आपल्यालाच भास झाला, त्याला वाटले. आणि भास नसला तरी आपण खांदा काढला तर भार बाकीच्यांवर पडणार, सगळ्यांत आपणच उणे ठरणार. तो ओरडला, "हा! चला!"

"थांबा," पुन्हा आले.

"हा! चला!"

तिसऱ्या वेळी तो शब्द कानातून आलाच नाही, म्हणे. तो बांबूतून उतरून त्याच्या खांद्याच्या हाडात शिरला. मग वर काहीच हलले नाही. शाळा मात्र अशी जड झाली की चाळीस जणांचे गुडघे वाकले.

माथ्यावर सहा खड्डे खणून तयार होते. सहाही खांब खड्ड्यांवर धरले, पण शाळा बसेना. मधोमध कशावर तरी टेकून ती डुगडुगत होती. तिबुर्सियोने वाकून खाली पाहिले. शाळेच्या तळातून जो भाग खाली आला होता, तो खांब होता. उचलताना तो तिथे नव्हता.

तो आत गेला. बाई कुठेच नव्हत्या. ट्रंक कुलूप लावलेली होती. खांबाच्या बुडाशी बाईंच्या सपाता नीट जोडून ठेवल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. लाकूड ओले, नुकते सोलल्यासारखे. छातीच्या उंचीवर गाठ, त्या गाठीवर हाताच्या मागच्या बाजूला असतात तशा शिरा. त्याने तिला कपाळ टेकवले. ती कोमट होती.

बाहेर येऊन त्याने विचारले, "बाईंचा आवाज कुणी ऐकला?"

सगळे एकमेकांची तोंडे पाहत राहिले. तेव्हा तो म्हणाला, "पाठ फिरवा. सगळे. मीही फिरवतो." चाळीस माणसे बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. त्याने पुन्हा विचारले. तेव्हा एकेक आवाज आला, "मी." "मी." "मी ऐकला." चाळिसावा त्याचा स्वतःचा होता. प्रत्येकाने ऐकले होते आणि प्रत्येकाला वाटले होते, ऐकणारे आपण एकटेच.

सातवा खड्डा त्यांनी नखांनी खणला, असे सांगतात.

पंधरा दिवसांनी ट्रंक डोक्यावर घेऊन तिबुर्सियो इसिंगच्या दारात गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने सगळे सांगितले. ती वळली नाही. तिने एवढेच विचारले, "राहणार की जाणार, हे तिला विचारताना तुम्ही सगळे तिच्याकडे बघत होता?"

"हो."

"मग पुढच्या बाईकडे बघू नका."

तेव्हापासून परीक्षा संपली की हालिगीचे लोक शाळेभोवती पाठ फिरवून उभे राहतात. ज्या कोणी बाई किंवा मास्तर असतील ते खांबाला कपाळ टेकवतात आणि मोठ्याने सांगतात, राहतो किंवा जातो. 'जातो' म्हटले की गाव त्याच दिवशी ट्रंक उचलून नावेवर नेतो. राहा असे कोणी म्हणत नाही. एकदा एक मोठा अधिकारी हार आणि मानपत्र घेऊन आला होता, निघालेल्या बाईंना राहण्याची गळ घालायला. त्यालाही आम्बो आजोबांनी खांद्याला धरून वळवले होते. "समुद्राकडे बघा, साहेब. तिकडे छान दिसतं."

आजही त्या दिवशी शाळेच्या शिक्षकाचे उत्तर झाले की गाव हलत नाही. पाठ फिरवलेलीच ठेवून सगळ्यांत म्हातारा माणूस आणखी एकदा विचारतो, "आणि सालुदबाई, तुम्ही? नाव तयार आहे." नाव खरोखरच तयार ठेवलेली असते. वारा नसला तरी झावळ्या सळसळतात. आणि मधल्या खांबातून उत्तर येते, म्हणे, दरवर्षी तेच, हसून दिल्यासारखे, "बघू."

याहून अधिक पाठ कशी फिरवायची, म्हणजे बाई मनातले सांगतील, ते हालिगीला अजून कळलेले नाही.