जिन्याखालची जागा

“मग मी खाली जायला हवं होतं, भन्तेजी... की मुळात बघायलाच नको होतं?”

विहाराच्या ओसरीवर बसून भदंत शीलसार आपल्या भगव्या चीवराचा उसवलेला काठ शिवत होते.

विचारणारा हेमराज गजघाटे. वय पन्नास. टेकडीखालच्या निवासी महाविद्यालयाचा तो वसतिगृह अधीक्षक होता. लहानपणी याच ओसरीवर तो भन्तेजींकडून वाचायला शिकला होता. आज पायऱ्या चढून आला होता तो मात्र जवळजवळ भांडायच्या तयारीनं.

“पहिल्यापासून सांग,” भन्तेजी म्हणाले.

हेमराजनं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी वसतिगृहातून मोबाइल चोरीला जाऊ लागले. हेमराज संस्थेच्या मागे लागला आणि त्यानं कॅमेरे बसवून घेतले. फाटकावर, सायकल स्टँडवर, मेसमध्ये, वाचनालयात, व्हरांड्यांत, जिन्यांवर. एकूण चौसष्ट. तिसऱ्याच आठवड्यात चोर सापडला. बाहेरचाच माणूस निघाला. स्नेहसंमेलनात हेमराजचा सत्कार झाला आणि त्याच्या टेबलावर एक मोठा स्क्रीन आला. कुणी पाहुणे आले की तो त्यांना आधी त्या स्क्रीनसमोर बसवायचा.

“माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं म्हणायचो मी,” तो म्हणाला.

यंदा सप्टेंबरात त्या स्क्रीनवर त्याला एक मुलगी दिसली.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सगळे जेवायला गेलेले असताना, ती वाचनालयाच्या जिन्याखाली येऊन बसायची. भिंतीकडे तोंड करून. हातात काहीतरी लहानसं असायचं. चाळीस मिनिटांनी ते पिशवीत टाकून निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“नऊ दिवस,” हेमराज म्हणाला. “एक दिवसही खाडा नाही.”

“कुणाचा?”

हेमराज अडखळला.

“तिचा... आणि माझाही.”

नवव्या दिवशी त्यानं ठरवलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. मुलीला त्यानं विचारलं नाही. शिस्त समितीची बैठक बोलावली. प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि तो स्वतः. पालक म्हणून मुलीच्या मोठ्या बहिणीला गावाहून बोलावून घेतलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नाव रोशनी चहांदे. तिला समोर उभं केलं, स्क्रीन सुरू केला, आणि तिच्या हातात काय आहे ते सगळ्यांना नीट दिसावं म्हणून हेमराजनं चित्र मोठं केलं.

चष्मा होता. जुना. एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

स्क्रीनवरच्या रोशनीनं तो डोळ्यांवर चढवला. तिला तो मोठा होत होता, नाकावरून घसरत होता. एक प्राध्यापक हसले.

मग स्क्रीनवरची रोशनी रडायला लागली.

“आईचा आहे जी तो,” बहीण म्हणाली. “बिड्या वळायची ना. दिसत नव्हतं तर घेतला होता. ऑगस्टमध्ये गेली आई.”

स्क्रीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. रोशनी स्वतःकडे पाहत उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट वसतिगृहभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीनं पेटी उचलली आणि ती गावी निघून गेली.

“मी गेलो तिच्या गावाला,” हेमराज म्हणाला. “माफी मागायला. अंगणातच बोललो आम्ही.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, खोलीत आम्ही सहा जणी राहतो सर. घरी बाबा. मी रडली की बाबा जेवत नाही. ते जिन्याखाली बरं होतं.”

“आणि?”

“आणि... मला विचारलं, किती दिवस पाहत होते तुम्ही? मी म्हटलं, नऊ. तर म्हणाली...”

हेमराजनं भन्तेजींच्या सुईकडे पाहिलं.

“म्हणाली, नऊ दिवसांत एकदाही खाली नाही आले?”

भन्तेजींनी चीवरातून दोरा ओढून घेतला.

“आता तुम्हीच सांगा, भन्तेजी. मुलींचा अर्ज आलाय, कॅमेरे काढा म्हणून. संस्थेचं पत्र आलंय, आणखी बसवा म्हणून. बघितलं नसतं तर ती तिथं एकटीच रडत बसली असती, कुणाला कळलंही नसतं. बघितलं, तर हे असं झालं. खाली गेलो असतो तर तिची तीही जागा गेली असती. मला नियम सांगा. कसाही असो, मी पाळेन.”

“तिसऱ्या दिवशी तिनं काय घातलं होतं?”

“पिवळा कुर्ता,” हेमराज लगेच म्हणाला.

“पाचव्या दिवशी?”

“निळा. बाही खांद्याजवळ फाटलेली.”

“नाव कधी कळलं तुला?”

“...नवव्या दिवशी. रजिस्टर काढलं तेव्हा.”

“आई गेल्याचं?”

“बहिणीनं सांगितलं तेव्हा. समितीत.”

“त्याआधी नाही?”

हेमराजनं मान हलवली. मग ती हलायची थांबली.

“ऑगस्टमध्ये तिनं सुट्टीचा अर्ज दिला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “आठ दिवसांचा. परवा तिच्या फाइलमध्ये सापडला मला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय... आईचं निधन. खाली माझी सही आहे.”

“वाचलं नव्हतंस?”

“पन्नास अर्ज असतात रोज...”

त्यानं चेहरा दोन्ही हातांत धरला. खांदे हलायला लागले. पन्नास वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हमसून रडू लागला.

भन्तेजींनी सुई चीवरात टोचून ठेवली. ते उठले. हेमराजच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला नाही, धीराचा शब्द काढला नाही. ओसरीच्या कडेला जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, ते पहिल्या पायरीवर बसले.

दोन बायका फुलं घेऊन टेकडी चढत होत्या. भन्तेजींनी त्यांना दुरूनच हातानं थांबवलं. बायका होत्या तिथंच, खालच्या वळणावर, दगडावर टेकल्या.

बराच वेळ गेला.

हेमराजचं रडणं आपोआप ओसरलं. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं. पायरीवरची भन्तेजींची पाठ त्याला तेव्हा दिसली.

“भन्तेजी... तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवली.”

“हो.”

“तोंड पाहू नये इतका वाईट वागलो का मी?”

“मी इथंच होतो,” भन्तेजी म्हणाले आणि त्यांनी बायकांना वर यायची खूण केली.

नियम काही मिळाला नाही. हेमराज टेकडी उतरून कामावर गेला.

त्या आठवड्यात त्यानं पुन्हा समिती बोलावली. नऊ दिवसांचं चित्रण सगळ्यांसमोर पुसून टाकलं आणि झालेली चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली. हसलेले प्राध्यापक म्हणाले, लिहून देण्याची काय गरज आहे? हेमराजनं कागद मागे घेतला नाही. संस्थेच्या बैठकीत त्याला दोन तास उलटसुलट विचारलं गेलं. फाटक आणि सायकल स्टँडवरचे कॅमेरे राहावेत, बाकीचे उतरावेत, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. उद्या चोरी झाली तर जबाबदार कोण, असं अध्यक्षांनी विचारलं.

“मी,” हेमराज म्हणाला.

कॅमेरे उतरले. व्हरांड्यांच्या भिंतींवर स्क्रूंची भोकं राहिली.

हेमराज पुन्हा रोशनीच्या गावी गेला. समितीत लिहून दिलेल्या कागदाची प्रत त्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली आणि बहिणीकडे दिली.

“परीक्षा देईन मी,” ती म्हणाली. “हॉस्टेलमध्ये नाही येणार.”

त्यानं आग्रह केला नाही.

नोव्हेंबरात ती आली. तालुक्याला मावशीकडे राहू लागली, बसनं ये-जा करू लागली. पहिल्या पेपरच्या दिवशी फाटकात दोघं समोरासमोर आले.

“जय भीम, सर,” ती म्हणाली.

“जय भीम.”

ती परीक्षेच्या हॉलकडे गेली. तिनं माफ केलं की नुसतं शिष्टाचारानं बोलली, हे हेमराजला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. पण त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

जानेवारीत तो पुन्हा टेकडी चढला. या वेळी चालीत उत्साह होता. वंदन करून होतंय तोवरच त्यानं बोलायला सुरुवात केली.

“कॅमेरे गेले, भन्तेजी. आता मी स्वतः असतो. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. वाचनालयाच्या जिन्याजवळ खुर्ची टाकून बसतो. कुणाला काही दुःख असलं, कुणाला बोलावंसं वाटलं, तर माणूस आहे तिथं. यंत्र नाही.”

“चांगलं केलंस.”

“सव्वा महिना झाला. एकही दुपार चुकवली नाही.”

भन्तेजींनी मान डोलावली.

हेमराज जरा घुटमळला. उत्साह थोडा उतरला.

“एक कळत नाही, भन्तेजी. आधी त्या जिन्याखाली कुणी ना कुणी यायचं. कुणी डबा खायचं, कुणी फोनवर बोलायचं. आता माझ्याशिवाय तिथं कुणी फिरकतसुद्धा नाही... असं का?”

भन्तेजींनी त्याच्याकडे पाहिलं.

“खुर्चीचं तोंड कुणीकडे असतं, हेमराज?”