ओढ्यापलीकडचा नवरा

"उद्या सूर्य मावळायच्या आत तुझा नवरा ओढ्यापलीकडे गेला पाहिजे!" शिपायाने ठकूला हुकूम सांगितला, तेव्हा तिचा नवरा सटवाजी अंगणात मडक्यांसाठी माती तुडवत होता.

ठकू बोरखेडच्या म्हाताऱ्या कुंभाराची एकुलती एक लेक. सटवाजी पलीकडच्या चिंचखेडचा. बोरखेड एक राज्य, चिंचखेड दुसरं, आणि मध्ये एवढासा ओढा, की म्हैस आडवी बसली तर दोन्ही राज्यांत बसायची. पण राज्य ते राज्य! बोरखेडच्या भुजंगराजाने नवा कायदा काढला होता: पलीकडच्या माणसाने अलीकडे राहायचं नाही.

ठकूच्या बापाला डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्याला टाकून ती पलीकडे जाणार नव्हती. आणि नवऱ्याशिवाय राहायचीही तिची तयारी नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला नवरा आवडायचा! गावात याची थोडी चेष्टाच व्हायची.

ती पदर खोचून तडक दरबारात गेली. तिचं गाऱ्हाणं ऐकून कारभाऱ्यांनी भलंमोठं दप्तर सोडलं.

"पर्याय आहेत की, बाई! तुझ्या नवऱ्याने बोरखेडचा रहिवासी व्हावं."

"मग करा की त्यांना रहिवासी!"

"त्यासाठी त्याने बारा वर्षं सलग इथं राहिलेलं असावं."

"मग राहू द्या की!"

"वा! राहायला आधी रहिवासी नको का?"

"अन् रहिवासी व्हायला?"

"बारा वर्षं राहिलेला हवा!" असं म्हणून कारभाऱ्यांनी दप्तर बांधलंसुद्धा. अशा माणसांचं समाधान फार लवकर होतं.

"दुसरा काही पर्याय?"

"आहे ना! तू ओढ्याच्या या काठावर बसावंस, त्याने त्या काठावर. बोलायला कायद्याची हरकत नाही."

"संसार काय ओरडून करायचा व्हय, कारभारी?"

दरबार खो खो हसला. भुजंगराजाला मात्र राग आला. त्याच्या दरबारात दुसऱ्याच्या बोलण्यावर हसलेलं त्याला खपत नसे.

"फार जीभ चालते तुझी! मग ऐक. असा माणूस दाखव, जो आमच्या राज्यातला नाही, पण परकाही नाही. घरचा नाही, पण त्याला नुसता पाहुणाही म्हणता येत नाही. ज्याला 'या' म्हणावंच लागतं आणि 'जा' म्हणायची प्रत्यक्ष राजाचीही छाती होत नाही! उद्या दुपारपर्यंत दाखवलास, तर तुझा नवरा राहील. नाहीतर गाडीत घालून पलीकडे!"

असा माणूस आणायचा कुठून? डोळे पुसत ती मुदपाकखान्याच्या बाजूने निघाली, तर आत आचारीणबाई अनारसे तळत होत्या आणि कढईपेक्षा जास्त तापल्या होत्या.

"कुणासाठी चाललंय, मावशी?"

"आणि कुणासाठी? जावईबापूंसाठी! चिंचखेडचे राजपुत्र. अधिक महिन्याचं वाण घ्यायला आले. तेहतीस अनारसे खाल्ले की जातील म्हटलं, तर महिना सरला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. हलतंय का बघ ध्यान!"

"मग महाराज काही बोलत न्हाईत?"

"ते काय बोलतात! झोपाळा करकरतो म्हणून काल जावई रुसले, तर महाराजांनी स्वतः कड्यांना तेल घातलं!"

ठकू जागीच थांबली. मग अशी हसली, की आचारीणबाईंचा अनारसा कढईत विरघळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार गच्च भरला. दाराशी बैलगाडी जुंपून उभी होती. त्यात सटवाजी गाठोडं घेऊन बसला होता. बिचारा रडकुंडीला आला होता.

"आणलास का माणूस?" राजाने विचारलं.

"आणायचा कशाला, महाराज? तुमच्या झोपाळ्यावर बसून अनारसा खातोय की!"

सगळ्यांच्या माना दरबाराच्या कोपऱ्यातल्या झोपाळ्याकडे वळल्या. जावईबापू चावायचे थांबले.

"जावई, महाराज! राज्यातला न्हाई, पर परका म्हणाल का? घरचा न्हाई, अन् नुसता पाहुणा म्हटलं तर रुसून बसंल! 'या' तर म्हणावंच लागतं. आता 'जा' म्हणून दाखवा!"

भुजंगराजाने तोंड उघडलं. पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या खणखणल्या. राजाने तोंड मिटलं.

"पण हे... हे राजाचे जावई आहेत!"

"जावई तो जावई! राजाचा असो न्हाईतर कुंभाराचा. अन् कायदा सगळ्यांना सारखाच असंल, तर गाडी उभीच हाये. आमच्या ह्यांच्या शेजारी एक जागा मोकळी हाये बघा!"

राजा आधी लाल झाला, मग पांढरा झाला आणि मग एवढा हसला, की मुकुट सावरायला कारभाऱ्यांना धावावं लागलं.

"ठकास महाठक भेटतो म्हणतात, आम्हाला तर साक्षात ठकूच भेटली! लिहा, कारभारी! पलीकडचा जावई अलीकडे खुशाल राहील. सटवाजी, उतर खाली!"

मग राजाने ठकूला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, आता एवढं सांग. 'जा' न म्हणता यांना घालवायचं कसं?"

"त्यात काय अवघड?" ठकू मोठ्याने म्हणाली. "उद्यापासून रोज पहाटे माती तुडवायला आमच्याकडं पाठवा! आमचे हे पण जावईच हायेत, सात वर्षं तेच करत्यात!"

जावईबापूंचा अनारसा घशात अडकला. पाणी पिऊन झाल्याबरोबर त्यांना चिंचखेडच्या आईची आठवण झाली आणि दिवस मावळायच्या आत त्यांचा घोडा ओढ्यापार झाला!

भुजंगराजाने ठकूला हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. पण खरं बक्षीस पडद्याआडून आलं. राणीसाहेबांनी गळ्यातला पुतळ्यांचा हार पाठवला, आणि सोबत निरोप: "आठ महिने मीही हेच म्हणत होते. बांगड्या 'घालवा' म्हणून वाजवत होते, आणि ह्यांना वाटायचं, 'राहू द्या' म्हणून!"