टीव्हीवरची अक्षरं

फार जुनी नाही, पण घरातल्या वस्तू आपसांत बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. कुडाळच्या इरावतीबाई धुमे रानझाडांची गावठी नावं कॉम्प्युटरवर लिहून ठेवत होत्या. नजर अधू झाली, छोट्या पडद्यावरचं दिसेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला.

टीव्ही खूश झाला. सवयीप्रमाणे त्याने रंग भडक केले, चित्र ताणून मोठं केलं. त्यात ओळींची टोकं कापली गेली आणि अक्षरं धूसर झाली. इरावतीबाई पडद्याला नाक लावून बसल्या. "आता हे काम राहिलंच म्हणायचं," त्या पुटपुटल्या.

"दादा, मी पाठवतो तसंच दाखवा ना," कॉम्प्युटर म्हणाला.

"दहा वर्षं लोकांनी माझ्या रंगांचं कौतुक केलंय!" टीव्ही चिडला. पण बाईंच्या डोळ्यांतून पाणी गळताना पाहून तो वरमला. त्याने भडकपणा सोडला, ताणणं सोडलं आणि आलं तसं दाखवलं.

बाई खुर्ची मागे घेऊन निवांत टेकल्या आणि भराभर लिहू लागल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस झाडं झाली.

"दादा, एवढा मोठेपणा मला जमला नसता," कॉम्प्युटर म्हणाला.

"हळू बोल," टीव्ही म्हणाला, "त्या वाचतायत."