पाठमोरी मथुरा

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण केरोबांची गोष्ट आमच्या आंबेदऱ्यात सगळे सांगतात आणि लिहिलेली कुठंच नाही, म्हणून लिहितो.

फार वर्षांपूर्वी, आमच्या वेशीतून बैलगाडीशिवाय काही जात नव्हतं त्या काळी, गावात केरोबा चितारी राहत होते. लग्नघरांच्या भिंती रंगवायचं त्यांचं काम. गेरू, चुना आणि काजळी, एवढेच तीन रंग. पण पंचक्रोशीतला कुणीही लांबून भिंत बघून सांगायचा, ही केरोबांची. कारण केरोबा माणसं नेहमी पाठमोरी काढायचे. नवरदेव पाठमोरा, वऱ्हाडी पाठमोरे, वाजंत्रीही पाठमोरे. ते म्हणायचे, तोंड माणूस सजवून आणतो, पाठ सजवायचं कुणाला सुचत नाही.

आणि त्या पाठीवरून लोक ओळखायचे. धोतराचा सोगा, एक खांदा खाली, डोक्यावरच्या पाटीचा कल, एवढं पुरायचं. असं म्हणतात की एका म्हाताऱ्यानं वारलेल्या भावाला भिंतीवर पाहिलं आणि मागून हाक मारली. तो वळेना, तेव्हा “अजून राग गेला नाही का रे” म्हणत तो संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला. असंही म्हणतात की एक गाय आपल्या मालकिणीचं चित्र चाटायची, म्हणून ती भिंत दरसाल नव्यानं रंगवावी लागायची.

त्याच गावात भिकाजीची हौसा होती. तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई मथुरा गेली. हौसाला आत्यानं वाढवलं. फोटो त्या काळी कुठले. आणि बायकोचं नाव निघालं की भिकाजी उठून गोठ्यात जायचा. लग्न ठरलं तशी हौसा केरोबांकडे गेली आणि म्हणाली, “आजा, सासरी जायच्या आधी मला एकदा आईचं तोंड बघायचंय.”

केरोबांनी सांगितलं, मी तोंड काढत नाही पोरी, पण तुझी आई काढतो. वेशीजवळच्या भिंतीवर काढतो, म्हणजे जाताना तुझ्या वाटेवरच पडेल. तीन दिवस ते खपले. चौथ्या दिवशी कमरेवर घागर घेऊन नदीकडे निघालेली मथुरा भिंतीवर उभी होती. अख्खं गाव लोटलं. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, मथुराच ही, तिचीच मान. भिकाजी लांबूनच बघून परत फिरला.

हौसा तेवढी भिंतीजवळ जाऊन चित्र निरखत राहिली. मग हळूच म्हणाली, “सगळ्यांना ओळखू आली. मलाच नाही आली. मी कुठं तिला पाहिलंय?”

असं म्हणतात की केरोबांच्या हातातला कुंचला तिथंच गळून पडला. ज्यांनी तो माणूस पाहिलेला असायचा, त्यांच्यासाठीच त्यांनी जन्मभर चित्रं काढली होती. लग्नापर्यंत ते जेवले नाहीत, नुसते भिंतीसमोर बसून राहिले.

पाठवणीच्या दिवशी गाडी वेशीत आली तसे केरोबा बैलांसमोर आडवे आले आणि म्हणाले, सगळ्यांनी भिंतीकडे पाठ करा. कुणीतरी हसून म्हणालं, म्हातारा आता आम्हालाही पाठमोरं काढतोय वाटतं. केरोबा हसले नाहीत.

“अरे, इथं मथुरेचे सासरे उभे, थोरले दीर उभे, तिचं अख्खं सासर उभं. घरंदाज सून एवढ्यांसमोर मान वर करून वळंल का? तुम्ही वळा, म्हणजे ती वळंल.”

मग गाव वळलं. पाटील वळले, वाजंत्री वळले, नवरदेवही गाडीतून उतरून वळला. शेवटी केरोबांनीही तोंड फिरवलं. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज येत होता. मग मागे कुणीतरी घागर खाली ठेवल्याचा आवाज आला, असं म्हणतात. बराच वेळ कुणी मान वळवली नाही.

हौसा परत गाडीत चढताना बापाला एवढंच म्हणाली, “दादा, आईच्या पुढच्या दातांत फट आहे, हे तुम्ही कधी सांगितलं नाही.”

भिकाजी वेशीतच खाली बसला. मथुरा हसताना तोंडाशी पदर धरायची. ती फट त्याच्याशिवाय कुणी पाहिलीच नव्हती.

लोकांनी मागे पाहिलं तेव्हा चित्र पहिल्यासारखंच पाठमोरं होतं. फक्त काही जण शपथेवर सांगतात की घागर आधी डाव्या कमरेवर होती, ती उजवीवर गेली.

केरोबा गेले. पुढं ती भिंत दोनदा पडली, गावानं दोनदा उभी केली, आणि चित्र ज्याला जमलं त्यानं पुन्हा काढलं. तोंड काढायचं धाडस कुणी केलं नाही. अजूनही आमची लेक सासरी निघाली की गाडी वेशीत थांबते. ड्रायव्हर परगावचा असला तरी त्याला खाली उतरवतात. सगळे पाठ करून उभे राहतात आणि मुलगी एकटी भिंतीकडे बघते. काय दिसलं, हे तिला कुणी विचारत नाही.

गेल्या वैशाखात माझी बहीण सासरी गेली. आमची आई आम्ही अगदी लहान असताना वारली. मी सगळ्यांबरोबर पाठ करून उभा होतो. वळून बघावं असं फार वाटलं, पण वळलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरी माती कालवली, वेशीवर गेलो, मथुरेच्या पायांपाशी भिंतीचा पोपडा निघाला होता तो भरून घेतला, आणि मग कामावर गेलो.